छप्पर कुठे संपतं?

सन्माननीय अध्यक्षसाहेब, प्रमुख पाहुण्या आणि नामवंत नेत्रतज्ज्ञ डॉक्टरीणबाई, ज्यांच्या हातून सुटलेली माझ्यासारखी माणसं पुढे या ब्रेल छापखान्यात नोकरीला लागतात, व्यासपीठावरचे विश्वस्त, आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या संगणक विभागाच्या प्रमुख काकू, काकूंचे यजमान, जे पहिल्या रांगेत बसून मघापासून हळूच नाक ओढताहेत, आणि काका, ते मला ऐकू येतंय, सहकारी मित्रमैत्रिणींनो, वाचकांनो, पालकांनो!

सूत्रसंचालकांनी जिन्यातच माझा दंड धरून सांगितलं, "जरा थोडक्यात हं." मी या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. आयुष्यभर मी लोकांची लांबच लांब पुस्तकं बोटांखालून घातली, टिंब न् टिंब तपासलं, आणि एकाही लेखकाला कधी म्हणालो नाही की थोडक्यात लिहा. आज माझी पाळी आहे. मी थोडक्यात बोलणार नाही.

पाहुण्यांसाठी एक खुलासा. यापुढे मी 'कॉपीकाकू' असं म्हणालो, तर परीक्षेतल्या कॉपीशी त्याचा काही संबंध नाही. संगणकाच्या खोलीत कोणीही पाऊल टाकलं की या बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: "कॉपी काढून ठेवलीस का?" नमस्कार नाही, जेवलास का नाही. आमच्या बाइंडरला जुळ्या मुली झाल्या. तो पेढ्यांऐवजी नुसता धापा टाकत सांगायला आला, तर काकू म्हणाल्या, "शाबास! कॉपी काढून ठेवलीस." ते नाव त्या दिवशी जे चिकटलं ते चिकटलं.

आता मुद्द्यावर येतो. मघाशी आपल्या भाषणात अध्यक्षसाहेब मोठ्या मनानं म्हणाले, की काकूंबरोबर त्यांच्या त्या जुन्या यंत्रालाही आता आपण विश्रांती देऊ. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब, मी वाजवल्या नाहीत. माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती, तिनंही वाजवल्या नाहीत. आम्ही तिला गणितवाली म्हणतो. ते यंत्र बंद पडलं, तर या मुलीचं गणित बंद पडतं. हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. ते कसं, हे सांगायलाच मी उभा आहे, आणि सांगून होईपर्यंत कोणी माझ्यापुढे चिठ्ठी सरकवू नये. मला ती वाचता येणार नाही.

ही मुलगी डोळ्यांना दिसत नसताना गणित शिकते. आणि आवडीनं शिकते! कॉलेजात तिला सांगण्यात आलं की या विषयाचं ब्रेल पुस्तक उपलब्ध नाही, तेव्हा दुसरा एखादा विषय घे, सोपा, पाठांतराचा. मित्रहो, हे वाक्य मी माझ्या लहानपणापासून ऐकत आलो आहे. दिसत नाही ना, मग सोपं काहीतरी घे! कोणी ठरवलं आमच्यासाठी सोपं काय ते? पुस्तक नाही हा पुस्तक छापणाऱ्यांचा दोष आहे की वाचणाऱ्या मुलीचा? जगात ज्ञानाच्या दारावर जेवढी कुलुपं लागली, त्यातली निम्मी 'तुमच्याच सोयीसाठी' म्हणून लागली आहेत. मी ग्रंथांच्या राशी वाचल्यात, त्यातून मला कळलेली गोष्ट ही एवढी.

तर मुलीनं विषय सोडला नाही. पुस्तक छापलं जाईपर्यंत तिची आई तिला डोळसांचं पुस्तक वाचून दाखवायची. आई शिवणकाम करते. मशीनवर पाय चालू, मांडीवर कापड, आणि समोर उभं करून ठेवलेलं गणिताचं पुस्तक. आईचं स्वतःचं गणित मापाच्या पट्टीपुरतं. वर्गमुळाचं चिन्ह आलं की ती म्हणायची, "हे बघ, एक तिरकी काठी आहे आणि तिच्यावर छप्पर. छपराखाली दोन माणसं उभी आहेत. एकाचं नाव क्ष, दुसऱ्याचं नऊ. मध्ये अधिक."

"आई, छप्पर कुठपर्यंत आहे?"

"अगं, माणसांच्या डोक्यावर आहे, आणखी कुठे असणार?"

"दोघांच्या?"

"मग काय एकाला बाहेर उभं करतील? दोघांच्याच!"

हसताय तुम्ही. मीही हसलो होतो. पण त्या घरात कित्येक आठवडे उत्तरं जुळत नव्हती. मुलगी स्वतःला मठ्ठ समजायला लागली होती आणि आई स्वतःला अडाणी. ब्रेलमध्ये मुळाचं चिन्ह जिथे उघडतं तिथे एक खूण असते आणि जिथे मिटतं तिथे दुसरी. बोटाला शंका राहत नाही. म्हणून ते पुस्तक हवं होतं, आणि ते आमच्याकडे छापायला घेतलं होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी यंत्रानं आवाज काढायला सुरुवात केली.

आमचं ते यंत्र म्हणजे एक जुना, आमच्यासाठी बोलणारा संगणक. डोळसांची अक्षरं त्यात घालायची, आतला एक प्रोग्राम त्यांची टिंबं करतो आणि शेजारच्या छपाईयंत्राला पाठवतो. त्याच्या हार्ड डिस्कमधून कट्, कट् असा आवाज यायला लागला. आमच्या खोलीत हे सगळ्यांना एकदमच कळलं. बाइंडर म्हणाला, "काकू, याला उचकी लागलीय." काकू म्हणाल्या, "उचकी नाही रे, घरघर आहे ती."

सभा बसली. संस्थेनं एक तरुण सल्लागार आणला. ते इथे मागच्या रांगेत बसलेत, त्यांच्या करकरीत बुटांवरून मी मघाशीच ओळखलं. नमस्कार साहेब! साहेब म्हणाले, "यात काही अवघड नाही. नवा संगणक घ्या, नवी सिस्टीम टाका, प्रोग्राम पुन्हा भरा, झालं."

काकू म्हणाल्या, "अहो सल्लागारसाहेब, प्रोग्राम भरा म्हणताय, पण कुठून भरू? त्याची मूळ डिस्क नाही. करणारे गृहस्थ वारले, त्यांची कंपनी मिटली."

"मग बाजारातला दुसरा घ्या."

"घेते. त्याला गणित येतं का?"

"थोडं शिकवावं लागेल."

"किती थोडं?"

इथे सभागृहाला सांगायला हवं. आमच्या प्रोग्रामला सुरुवातीला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. आम्ही शोधकांनी एकेक चूक बोटानं पकडायची, काकूंना ओरडून सांगायची, आणि त्यांनी ती दुरुस्ती नियम म्हणून आत घालायची. अपूर्णांकाच्या पोटातला अपूर्णांक, घाताच्या डोक्यावरचा घात, मुळाचं छप्पर. अशी वर्षानुवर्षं चाललेली शिकवणी त्या एका डिस्कवर साठली होती. नव्या प्रोग्रामला हे सगळं शिकवेपर्यंत मुलीची परीक्षा होऊन गेली असती आणि तिला तो सोपा विषय घ्यावा लागला असता.

"पण तुम्ही तर कॉपीकाकू!" मी म्हणालो, "कॉपी असेलच ना?"

"पुस्तकांच्या आहेत, नियमांच्याही आहेत," काकू म्हणाल्या, "पण ते नियम त्या प्रोग्रामशिवाय कोणाला वाचता येत नाहीत, आणि प्रोग्राम त्या सिस्टीमशिवाय उठत नाही. आपण घर न्यायचं म्हणतोय आणि माझ्याकडे नुसत्या चादरी बांधलेल्या आहेत." मग म्हणाल्या, "नव्यानं काही टाकायचं नाही. आहे ते सगळंच्या सगळं उचलायचं. सिस्टीम, प्रोग्राम, सवयी, खोडी, सगळं. जसंच्या तसं नव्या डिस्कवर. भिंतीतल्या खिळ्यासकट घर हलवायचं!"

काय वाक्य आहे! मित्रहो, आपल्या काळाला एक रोग झालाय. काही कुरकुरलं की टाकून द्या आणि कोऱ्यापासून सुरू करा. यंत्र टाका, रीत टाका, जमलं तर माणूसही टाका. नव्याला माझा विरोध नाही. काकूंनीही डिस्क नव्याच मागवल्या होत्या, आणि एक नव्हे, दोन! जे एकीवर लिहिलं जाईल ते आपोआप दुसरीवरही, म्हणजे एक आजारी पडली तर दुसरी घर चालवेल. नवं घ्यावं, पण ते जुन्याला पाठीवर घेऊन पुढे जाण्यासाठी. तेवढंच ज्याला जमत नाही, तो सुधारक नव्हे, तो नुसता गिऱ्हाईक!

टाळ्या नंतर. अजून डिस्क हललेली नाही.

तो दिवस मी विसरणार नाही. भर सकाळ. खिडक्या उघड्या, टेबलपंखा थेट संगणकाच्या पोटावर, कारण आजारी डिस्क तापता कामा नये. गणितवाली आणि तिची आई छापलेली पानं न्यायला आल्या होत्या, त्या थांबल्याच. सल्लागारसाहेब स्क्रू पिळत होते. हो, आलेच होते ते. सभेत हरलेला माणूस कामाला हजर राहतो, याचं मला फार कौतुक आहे.

बाहेरच्यांसाठी आमच्या खोलीची एक रीत सांगतो. आमच्याकडे आत येणारा आपलं नाव आणि जागा सांगून येतो. "मी बाइंडर, दारातून, हातात कागद." "मी शोधक, कपाटापाशी." नाही तर टकरा व्हायच्या. ही रीत ध्यानात असू द्या.

जुनीवरचं सगळं नवीवर उतरायला लागलं. ते उतरवणाऱ्या साधनाला बोलता येत नव्हतं, म्हणून काकूच पडद्यावर बघून धावतं समालोचन करत होत्या. "चाललंय, चाललंय... पाव झालं... अर्धं झालं..." आणि मधेच थांबल्या. कट्. कट्. कट्. डिस्क एका जागी अडकली. पंखा तेवढा फिरत होता. काकू तिच्याशी बोलायला लागल्या, "चल गं बाई, एवढं दे. एवढं दिलंस की तुला कोणी काही मागणार नाही." गणितवालीनं माझी बाही धरली होती. आणि मग सुटली! काकू किंचाळल्याच, "सुटली! सुटली!" पुढचं सगळं सरळ उतरलं.

संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. क्षणभरानं त्याचा तो ओळखीचा, नाकातला आवाज आला: "यंत्र तयार आहे."

काय सांगू! टाळ्या, आरोळ्या, बाइंडर टेबल बडवतोय, अध्यक्षसाहेब मुद्दाम खाली आले होते ते म्हणताहेत, "वा, वा, वा!" काकूंना जुनी डिस्क काढायची होती, पण अध्यक्षसाहेबच म्हणाले, "असू द्या हो तिला आतच, सोबतीला. एवढी सेवा केलीय तिनं." चहा आला. टंकलेखकानं गणिताचं पुढचं पान भरायलाही घेतलं. आम्ही सगळे कानांवर जगणारी माणसं, पण त्या गोंगाटात एकाचाही कान जागेवर नव्हता.

काकू एकदम म्हणाल्या, "गप्प बसा. सगळे."

कपबश्या थांबल्या. आणि त्या शांततेत, अगदी हळू, कट्.

जुनीच चालत होती! नव्या दोघी शेजारी आरामात बसल्या होत्या आणि मरायला टेकलेली जुनी डिस्क आमचं नवं पान लिहून घेत होती. काय झालं होतं? जसंच्या तसं उतरवलं, म्हणजे नावसुद्धा जसंच्या तसं उतरलं. आमच्या रीतीनं सांगायचं, तर दारात जुनी आणि नवी दोघी उभ्या राहून एकाच नावानं म्हणाल्या, "मी आले." यंत्रानं आपली सवयीची होती तिला आत घेतलं.

अध्यक्षसाहेब म्हणाले, "मग उतरवलेलं वाया गेलं?"

काकू म्हणाल्या, "ते जुनीला बाहेर काढल्याशिवाय कळायचं नाही. पण आता ती काढणार, आणि पुन्हा तिच्याकडे काही मागणार नाही. आणखी एकदा सगळं वाचायला लावलं तर ती मधेच जाईल."

"आणि मघाशी भरलेलं पान?"

"ते जाईल. जाऊ दे, पुस्तक आपल्याकडे आहे. पुन्हा भरू."

जुनी काढली. बटण दाबलं. काही नाही. नाकातला आवाज नाही, खरखर नाही. मित्रहो, तुम्हाला अंधाराची भीती वाटत असेल, आम्हाला अशा शांततेची वाटते. आई हळूच मुलीला म्हणाली, "चल गं, घरी जाऊ." आणि मुलगी म्हणाली, "थांब ना आई. काकू अजून खुर्चीतून उठल्या नाहीत."

काकू खरंच उठल्या नव्हत्या. त्यांनी सल्लागारांना विचारलं, "अरे, हा सुरू होताना आधी कोणाला हाक मारतो, ते कुठे लिहिलेलं असतं?" बघा, सभेत ते 'अहो साहेब' होते. चहानंतर 'अरे' झाले. त्याहून मोठी पदवी आमच्या खोलीत नाही. ते म्हणाले, "काकू, सुरुवातीच्या सेटिंगमध्ये. अजून जुनीच्याच जागेकडे बोट असेल." दोघांनी मिळून ते बोट नवीकडे वळवलं. बटण दाबलं.

"यंत्र तयार आहे."

या वेळी कोणी टाळी वाजवली नाही. सगळे कान देऊन उभे. कट् नाही. काहीच नाही. नव्या डिस्कना आवाजच नव्हता! काकूंनी तेच गेलेलं पान पुन्हा भरायला लावलं. छपाईयंत्र खडखडलं, कागद ताजा ताजा बाहेर आला. तो आधी माझ्याकडे आला, तो माझा हक्क. मी बोट फिरवलं. मुळाची खूण उघडली, क्ष आला, मुळाची खूण मिटली, मग अधिक, मग नऊ. एक टिंब इकडचं तिकडे नाही. वर्षानुवर्षांची शिकवणी जशीच्या तशी उतरली होती! मी कागद गणितवालीच्या हातात दिला.

तिनं एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. आणि ओरडली, "आई! छप्पर पहिल्यावरच संपतं गं!"

"काय?"

"नऊ बाहेर आहे! छपराखाली एकटा क्ष आहे! म्हणून उत्तर येत नव्हतं!"

आई बिचारी गोंधळली. म्हणाली, "अगं, एवढीशी रेघ ती, मला वाटलं..." आणि मग, "म्हणजे नऊला बाहेरच उभं केलं की मेल्यांनी!" अशी काही हसली ती माउली, हसता हसता रडायला लागली. पोरगी तिथेच टेबलावर तोंडी उदाहरण सोडवायला बसली आणि उत्तर आलं. पुस्तकामागचं. अगदी तेच. आणि तिनं आईच्या गळ्यात पडून जे म्हटलं ते मला जवळ असल्यामुळे ऐकू आलं: "मी मठ्ठ नव्हते गं."

काकू, त्या दिवशी तुम्ही काय हलवलंत ते तुम्हाला तरी कळलं का?

पुस्तक पुरं छापलं गेलं. परीक्षा झाली. निकाल तुम्हाला ठाऊक आहे, मघाशी तिचा सत्कारही झाला. पण सत्कार करताना एक गोष्ट कोणी विचारली नाही, ती आता मी सांगतो. तिनं पुढेही गणितच घेतलंय! पुढच्या वर्षाची पुस्तकं याहून कठीण आहेत आणि ब्रेलमध्ये ती अजून कोणी छापलेली नाहीत. काकू उद्यापासून घरी. त्यांच्या हाताखाली तयार झालेला टंकलेखक खोली सांभाळायला तयार आहे. सल्लागारसाहेबांनी बोलावल्यावर येईन असा शब्द दिलाय. कॉपीसुद्धा काढून ठेवलेली आहे, पुऱ्या घराची, खिळ्यांसकट. मग अध्यक्षमहोदय, विश्रांती कोणाला देताय आणि का?

मी इथे उभा राहून, काकूंच्या निरोपाच्या दिवशी, त्यांच्या साक्षीनं मागणी करतो: ती खोली उघडी राहिली पाहिजे आणि पुढच्या वर्षाचं गणित इथेच छापलं गेलं पाहिजे! भेटवस्तू म्हणून काकूंना आपण शाल दिली, छान दिली. पण त्यांना द्यायचंच असेल, तर हे द्या!

काय? सूत्रसंचालक मला हळूच सांगताहेत की अध्यक्षसाहेब मान हलवताहेत.

साहेब, मान हलवून भागणार नाही. इथे निम्म्या सभागृहाला ती दिसत नाही. ज्या मुलीला कळायला हवं, तिला तर नाहीच नाही. तोंडानं सांगा.

...

ऐकलंत? "हो, छापू," म्हणाले! माइकवर नव्हतं, पण आम्हाला माइक लागत नाही. पोरी, तू ऐकलंस ना? काकू, तुम्ही ऐकलंत? काका, आता खुशाल मोठ्यानं नाक ओढा!

मान्यवरांनी एवढा वेळ मला सहन केलं, सूत्रसंचालकांनी दंड धरायचा सोडला, आणि आपण सर्वांनी कान देऊन ऐकलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. काकू, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यातच माझं आयुष्य गेलं, पण बोललेला शब्द छापण्याआधी बोटांखालून घालता येत नाही. तेव्हा माझ्या बोलण्यात जे चुकलं असेल, कोणाला लागलं असेल, ते आपण पोटात घ्यावं. अध्यक्षसाहेबांचा शब्द तेवढा पोटात घेऊ नये, तो लिहून घ्यावा. नमस्कार.